रक्तदाबाची गोळी : भीती आणि वस्तुस्थिती

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही विहाराच्या सभागृहात एका रविवारी रक्तदाब तपासणी ठेवली होती. वस्तीतल्याच एक परिचारिका भगिनी आणि नर्सिंगचे शिक्षण घेणारी त्यांची कन्या असा सारा वैद्यकीय ताफा. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी पहिला पट्टा कोणाच्या दंडाला बांधायचा असा प्रश्न आला, तेव्हा खुर्च्या मांडून नुकतेच टेकलेले आमचे खजिनदार हात पुढे करून बसले. आकडा आला १६८/१०४. खजिनदार हसले, म्हणाले, "खुर्च्या उचलल्या ना, म्हणून." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. श्रमानंतर लगेच रक्तदाब मोजू नये हा नियमच आहे. सिस्टरांनी त्यांना दहा मिनिटे गप्प बसवले व पुन्हा मोजले. १६४/१०२. मग मात्र ते हसले नाहीत.

शिबिर आम्ही भरवले ते समाजातील रुग्ण शोधण्यासाठी, आणि पहिला रुग्ण कार्यकारिणीतच सापडला. त्या दिवशी दुपारपर्यंत वहीची पाच पाने भरली. ज्यांचे आकडे जास्त निघाले त्यांपैकी बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला. "आता गोळी लागणार का?" हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती आजाराची नव्हती, गोळीची होती. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत याविषयी लिहावे असे ठरले. खजिनदारांनी आपली हकीकत छापण्यास परवानगी दिली आहे, मात्र नाव छापायचे नाही या अटीवर. संस्थेला खजिनदार एकच असल्यामुळे ही अट कितपत उपयोगी पडेल हे वाचकांनीच ठरवावे.

प्रथम हे दोन आकडे काय सांगतात ते विद्यार्थी वाचकांसाठी थोडक्यात पाहू. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने रक्तवाहिन्यांत ढकलले जाते. त्या क्षणी वाहिनीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. हृदय सैल पडून पुन्हा भरू लागते तेव्हा वाहिन्यांत जो दाब शिल्लक राहतो तो खालचा आकडा. दोन्ही आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर वाचण्याची रीत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दिली आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली. आपल्या देशात सरकारी दवाखान्यांत जी पद्धत चालते तिच्याप्रमाणे पुन्हा पुन्हा मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली ही रेषा १३०/८० वर आणली. त्यामुळे एक डॉक्टर "आहे" म्हणतात व दुसरे "नाही" म्हणतात असे होऊ शकते. याचा अर्थ दोघांपैकी एक लबाड आहे असा नाही.

हा विकार विरळा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांत शंभरास सुमारे २४ व स्त्रियांत सुमारे २१ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. म्हणजे आपल्या सभागृहात बुद्धपौर्णिमेला जेवढी माणसे बसतात त्यांतील प्रत्येक चारपाचांत एक. पण त्या चारपाचांत कोणता, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. रागीट माणसाचा दाब जास्त आणि शांत माणसाचा कमी असे मानण्याची आपली रीत आहे, तिला फारसा अर्थ नाही. आमच्या वस्तीत सर्वांत तापट म्हणून जे प्रसिद्ध आहेत त्यांचा दाब त्या दिवशी ११८/७६ निघाला आणि त्यांनी तो चार ठिकाणी सांगितला.

खजिनदारांचा पहिला आक्षेप हाच होता की, "मला काहीच होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर नाही, जिना चढतो, सायकल चालवतो." हा आक्षेप नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारा घोळ येथूनच सुरू होतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. मेंदू, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड या ठिकाणच्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षे जास्त दाब सोसत राहतात, त्यांच्या भिंती जाड व कडक होतात, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो व त्याचे स्नायू जाड होतात. हे सर्व निमूटपणे चालते. ज्या दिवशी ते कळते त्या दिवशी बहुधा हात उचलत नाही किंवा छातीत कळ आलेली असते. नळाला गळती लागल्यावर पाणी दिसते, दाब आधी दिसत नाही.

परंतु एका दिवसाच्या आकड्यावरून कोणाच्याही कपाळी उच्च रक्तदाबाचा शिक्का मारू नये, हेही तितकेच खरे. डॉक्टरांसमोर बसताच ज्यांचा दाब चढतो अशी माणसे पुष्कळ असतात. म्हणून खजिनदारांना डॉक्टरांनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहून आणण्यास सांगितले. मोजण्याचे नियम साधे आहेत, पण दहांतले आठ जण ते पाळत नाहीत. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. लघवी तुंबलेली नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता बसावे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, स्वेटरवरून नव्हे. आणि मोजताना बोलू नये. एकदा मोजून झाल्यावर एक मिनिट थांबून पुन्हा मोजावे व दोन्ही आकडे लिहावेत. घरी मोजलेला दाब सरासरीने १३५/८५ च्या वर राहिला तर तो वाढलेला समजतात. खजिनदारांची सात दिवसांची सरासरी १५८/९८ आली. मग लघवीची तपासणी, रक्तातील साखर व क्रिएटिनिन, हृदयाचा आलेख हे सर्व झाले. सुदैवाने मूत्रपिंड व हृदय ठीक निघाले. डॉक्टरांनी अॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली.

चिठ्ठी खिशात घालून ते घरी आले आणि चार दिवस गोळी आणलीच नाही. "एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते" हे वाक्य त्यांना चार दिवसांत सात जणांनी ऐकवले. शेजारी, साडू, पानवाला. वाक्य पुष्कळ अंशी खरे आहे. चुकते ते त्यातून काढलेले अनुमान. गोळीमुळे आजार आयुष्यभराचा होत नाही. आजार आयुष्यभराचा म्हणून गोळी लागते. नंबरचा चष्मा लावल्यामुळे डोळे अधू झाले असे कोणी म्हणत नाही. या गोळीची नशा लागत नाही, सवय लागत नाही, वाढता डोस मागत नाही. बंद केली तर एवढेच होते की दाब पूर्वी होता तेथे परत जातो. काही जणांचे वजन उतरले, मीठ-दारू सुटली, तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित गोळी थांबवतातही. पण ते आकडा पाहून ठरते, स्वतःच्या मनाने नव्हे.

ज्यांना वाटते की गोळी न घेता निभले तर बरे, त्यांच्यासाठी इतिहासातील एक प्रसंग सांगतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ इतका आढळला होता. दुसरे महायुद्ध चालू होते, जगातील उत्तमोत्तम डॉक्टर त्यांच्या दिमतीला होते. त्यांच्यापाशी देण्यासारखे काय होते? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेचे औषध, हृदयासाठी डिजिटॅलिस. दाब उतरवणारी भरवशाची गोळी त्या वेळी जगात कोणापाशीच नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, तेव्हा वरचा आकडा ३०० च्या पुढे गेलेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर मिळते.

ती मिळू लागली त्या प्रवासात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापर केला व आपले निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सर्पगंधा आपल्याकडे वेडाच्या झटक्यांवर व निद्रानाशावर पूर्वापार वापरात होती. वकिलांचे वेगळेपण असे की त्यांनी केवळ "गुण येतो" असे म्हटले नाही. रुग्ण निवडले, औषधाआधी व औषधानंतर दाब मोजला, नोंदी ठेवल्या, दुष्परिणामही लिहिले. तो लेख वाचून परदेशातील डॉक्टर जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे १९६७ साली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून एका प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर झाले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. साधारण अर्ध्यांना खरी औषधे दिली, त्यांत हे रेसर्पीनही होते. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर विकार उद्भवले. औषध घेणाऱ्या गटात दोघांना. गोळीने आकडा उतरतो एवढेच नव्हे, तर माणूस वाचतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मुद्दाम लक्षात ठेवावा. "अमक्याला गुण आला" आणि "दोन गटांत एवढा फरक पडला" या दोन वाक्यांतले अंतर त्यातून कळते.

सर्पगंधेची गोष्ट येथेच संपत नाही. रेसर्पीनने नाक चोंदते, सुस्ती येते आणि काही रुग्णांना मोठ्या डोसाने खोल उदासी येते असे आढळले. पुढे त्याहून सोसवणारी औषधे आली व ते मागे पडले. झाडपाल्याच्या औषधाला दुष्परिणाम नसतो, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. रक्तदाबावरच्या आधुनिक औषधांतील एक पहिले औषध झाडाच्या मुळीतूनच आले आणि त्याचे दुष्परिणाम आजच्या बहुतेक गोळ्यांहून जास्त होते, एवढे सांगितले तरी पुरे. वनस्पतीतून येते म्हणून सौम्य आणि कारखान्यातून येते म्हणून विषारी, अशी वाटणी निसर्गाने केलेली नाही. गल्लीत विकत मिळणाऱ्या बिननावाच्या चूर्णात काय आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खजिनदारांकडे परत येऊ. वहिनींच्या धाकाने त्यांनी गोळी सुरू केली. महिन्याने दाब १३८/८८ झाला. सारे खुश. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी चपला घट्ट होऊ लागल्या, घोट्याजवळ बोटाने दाबले की खळगा पडू लागला. त्यांना कोणीतरी सांगितले, "ही किडनी गेल्याची खूण." त्यांनी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. घरात पट्टी पडून होती, वहिनींनी गोळ्या मोजल्या तेव्हा उघडकीस आले. त्या तीन आठवड्यांत दाब पुन्हा १६० वर गेला होता आणि त्यांना अर्थातच काहीही "होत" नव्हते.

घोट्याची सूज हा अॅम्लोडिपीनचा माहीत असलेला परिणाम आहे. हे औषध बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे पायात थोडे पाणी उतरते. मूत्रपिंड बिघडल्याची ती खूण नव्हे. अर्थात पायावरची सूज हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारानेही येते, म्हणूनच ती दाखवावी लागते. घरच्या घरी निदान करू नये. डॉक्टरांनी पाय पाहिले, क्रिएटिनिन पुन्हा तपासले, ते उत्तम होते. गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली. पंधरा दिवसांत सूज गेली. सारा प्रश्न एका भेटीचा होता, आणि त्यासाठी तीन आठवडे जीव धोक्यात घातला होता.

हे आम्ही हलकेच लिहीत नाही. आमच्यातील एक ज्येष्ठ बंधू, ज्यांनी आयुष्यभर वस्तीतील मुलांच्या शाळा-प्रवेशासाठी पायपीट केली, त्यांनीही अशीच गोळी सोडली होती. त्यांना सूजही नव्हती. दाब १३० वर आला, "आता बरे झालो" म्हणून सोडली. चार महिन्यांनी पहाटे उठताना उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. आज ते खुर्चीत बसून असतात. वंदनेच्या वेळी ओठ हलतात, शब्द येत नाहीत. दाब १३० आला तो गोळीमुळे आला होता, एवढी एक गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती. आम्हीही नाही. तेव्हा ती आम्हालाच माहीत नव्हती.

म्हणून कोणत्या गोळीने काय होऊ शकते हे आधीच माहीत असलेले बरे. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना सुका खोकला येतो. महिनोन्‌महिने खोकल्याची औषधे पीत बसण्यापेक्षा डॉक्टरांना गोळीचे नाव सांगावे, ते जात बदलून देतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांनी खोकला सहसा येत नाही, मात्र सुरुवातीस रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घेतात. या दोन्ही जातींच्या गोळ्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, तेव्हा तरुण भगिनींनी दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगावे. लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी सकाळी घ्यावी, नाहीतर रात्री झोपमोड होते. तिने क्वचित क्षार उतरतात, पायात गोळे येतात. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांनी नाडी मंद होते, थकवा वाटतो. दमेकऱ्यांनी आपला दमा आधी सांगावा, आणि या गोळ्या एकाएकी कधीच बंद करू नयेत. एक डोस विसरला तर त्याच दिवशी आठवण होताच घ्यावा. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. अंथरुणातून उठताना चक्कर येत असेल तर आधी काठावर बसावे, मग उभे राहावे, आणि तसे सांगावे. डोस कमी करता येतो.

"या गोळ्यांनी किडनी खराब होते" हा समज आम्हाला जवळपास प्रत्येक घरी आढळला. वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. मूत्रपिंड खराब होते ते वाढलेल्या दाबाने. त्याला खरोखर घातक आहेत त्या गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून रोज खाल्ल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या. त्या रक्तदाबही वाढवतात. म्हणजे भीती एका गोळीची आणि विश्वास दुसरीवर, आणि दोन्ही अस्थानी.

आणखी एक जुनी रीत सांगून टाकतो. दाब फार वाढलेला दिसला की जिभेखाली कॅप्सूल फोडून द्यायची, असे पूर्वी सर्रास चाले. दाब एकदम कोसळून मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती रीत वैद्यकाने सोडून दिली आहे. आकडा १८०/१२० च्या आसपास आला पण दुसरा काहीच त्रास नसेल तर शांत बसून पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. पण तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी नजर जाणे, यांतील काहीही झाले तर आकडा कितीही असो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मिठाविषयी बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि नाशिककरांना ते आवडणारही नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, सगळे मिळून. आपले मीठ भाजीतून तर जातेच, पण वरच्या पदार्थांतूनही जाते. चिवडा, फरसाण, मिसळीवरची शेव, पापड, लोणचे, ठेचा, सुकट आणि बोंबील. बोंबील भाजण्याआधी भिजवून धुतले तर मीठ बरेच उतरते. पण रोज नकोच. सैंधव मीठ हेही मीठच. कमी सोडियमचे जे मीठ मिळते त्याचा उपयोग होतो, मात्र त्यात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी विचारूनच वापरावे. दारू व तंबाखूविषयी वेगळे लिहीत नाही. पंचशील घेताना पाचवे शील आपण सगळेच मोठ्याने म्हणतो.

आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला विपश्यनेचे मोठे केंद्र असल्यामुळे बरेच जण विचारतात की ध्यानाने गोळी सुटेल का. ध्यान, चालणे, वजन कमी करणे यांनी दाब काही अंकांनी उतरू शकतो व मनाची तगमग कमी होते, हे चांगलेच आहे. पण १६४ चा दाब केवळ डोळे मिटून १२० वर येईल अशी आशा कोणी धरू नये. विपश्यना शिबिराच्या अर्जातच आजार व औषधे विचारलेली असतात. तेथे खरे लिहावे आणि दहा दिवसांच्या गोळ्या सोबत न्याव्यात. भिक्खूंना ज्या चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत त्यांत चीवर, भोजन व निवारा यांच्या बरोबरीने आजाऱ्याचे औषध आहे. आणि परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह व पायांच्या नसांच्या दुखण्याने अखेरची वर्षे किती त्रास दिला हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपण तगलो याचे श्रेय माईसाहेब व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे. औषध घेणे म्हणजे मन कमकुवत असणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. तो खरा आहे, विशेषतः रोजंदारीवर असणाऱ्या कुटुंबांत. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून मोफत देण्याची योजना आहे. २०१७ च्या अखेरीस देशातील पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे आरंभी होते. ठरावीक मोजक्याच गोळ्या, महिन्याभराच्या एकदम देणे, प्रत्येकाची नोंद ठेवणे आणि न आलेल्याला बोलावणे, एवढीच त्याची युक्ती. पुढे तो अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २०२२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो. बाहेरून घ्यायची वेळ आली तर जनऔषधी दुकानात तीच गोळी कंपनीच्या नावाशिवाय पुष्कळ स्वस्त मिळते. चिठ्ठीवरचे औषधाचे मूळ नाव व मिलिग्रॅम जुळले पाहिजेत, तेवढे मुलांकडून वाचून घ्यावे. दर महिन्याला रांगेत अर्धा दिवस मोडतो ही तक्रार आम्ही ऐकली आहे व ती रास्त आहे. त्यावर आम्ही एवढेच करू शकलो की ज्यांचे दिवस एक आहेत त्यांना एकत्र पाठवतो, म्हणजे एक रिक्षा पुरते.

खजिनदारांचा दाब गेल्या महिन्यात १२८/८२ होता. गोळी रोज सकाळी चहाआधी, डब्याशेजारी ठेवलेली. पहिले यंत्र विहाराच्या लोखंडी कपाटात आहे, किल्ली त्यांच्याचकडे असते. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ते स्वतः टेबलाशी बसतात व आकडे वहीत उतरवून घेतात. येताना चहा पिऊन येऊ नये, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत आणावी.